पाव फेरा डावीकडे

माझा मेहुणा त्याच्या ताईला वर्षातून दोनदा फोन करतो. एकदा काम असतं म्हणून, आणि दुसऱ्यांदा ते काम अजून का झालं नाही हे विचारायला. मी कारखान्याच्या गोदामात आवक-जावक लिहितो, त्यामुळे असल्या नोंदी डोक्यात आपोआप होतात. यंदाचा पहिला फोन गुरुवारी संध्याकाळी आला. बायको भांडी घासत होती, हाताला साबण होता, म्हणून मीच फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला.

"ताई, पटकन एक सांग. आपल्या 'टाकी' गेममध्ये पंप बंद करायची कीबोर्डवरची की कुठली होती गं?"

बायकोचा हात पातेल्यातच थांबला. "कशाला हवंय?"

"अगं, गेमचं कॅबिनेट बनवतोय. उभं, लाकडी, पूर्वी गेमच्या दुकानांत असायचं तसं. आपल्या जुन्या कॉम्प्युटरचे सगळे गेम त्यात घातलेत. कीबोर्ड नाही, नुसती दांडी आणि बटणं. म्हणून कुठली की कुठल्या बटणाला जोडायची ते बघतोय. रविवारी ते क्लबात जाणार. पंपासाठी लाल बटण आणलंय, हे एवढं मोठं."

"तूच आठव. तूच बनवलीस ना 'टाकी'?"

"हो गं, पण चौतीस वर्षं झाली," तो म्हणाला. टोमणा आत शिरायला माणसात थोडी जागा लागते. मेहुणा स्वतःनेच काठोकाठ भरलेला आहे.

इथे मागची बाकी सांगायला हवी. बायको पंधरा वर्षांची आणि मेहुणा बारा वर्षांचा असताना सासऱ्यांनी घरी कॉम्प्युटर आणला, मुलासाठी. जाडजूड कीबोर्डसारखं यंत्र; ते टीव्हीला जोडायचं आणि गेम कॅसेटवरून चढवायचे. टेपरेकॉर्डर लावला की पाच मिनिटं नुसती किंचाळी, मग गेम. मुलाची वेळ दुपारी चार ते झोपेपर्यंत. मुलीची वेळ पहाटे पाच ते साडेसहा, कारण तेव्हा मुलगा अंथरुणात असे. त्या दीड-दीड तासांत, सात महिन्यांत, तिने 'टाकी' लिहिली. चार मजल्यांची इमारत, प्रत्येक मजल्यावर एक टाकी, तळाला पंप. शिडीवरून वर-खाली पळत व्हॉल्व्ह फिरवायचे आणि एकही टाकी वाहू द्यायची नाही. पंप बंद होत नाही. तो बंद करता येत नाही, हाच तर सगळा गेम आहे.

शाळांच्या प्रदर्शनात सासऱ्यांनी ती मुलाच्या नावाने पाठवली. कप मिळाला. चौतीस वर्षं मेहुणा तो कप स्वतःच्या हाताने पुसतो. 'टाकी'साठी त्याने केलेली एवढीच मेहनत माझ्या नोंदीत आहे.

शुक्रवारी मोबाइलवर आमंत्रण आलं. जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या क्लबाचं, मेहुण्याच्या फोटोसकट. फोटोखाली लिहिलं होतं: 'टाकी या गेमचे जनक'.

"जनक," बायको म्हणाली. "पोराच्या अंगावरचा तीळ माहीत नाही, आणि म्हणे जनक."

"जाऊ दे," मी म्हणालो.

ती वळली. "बावीस वर्षं तुमचं हे 'जाऊ दे' ऐकतेय. कुठे जातं हो ते? एकदा ती जागा दाखवा मला. जाऊन बघून येते, तिथे किती साठलंय."

गोदामातला माणूस असून ती जागा माझ्या एकाही वहीत नव्हती.

रविवारी सकाळी दहाला आम्ही मेहुण्याच्या गॅरेजात होतो. बारा वाजता क्लबाचे अध्यक्ष कॅबिनेट न्यायला येणार होते. सासऱ्यांना खुर्चीसकट आणून कोपऱ्यात बसवलं होतं. मधोमध कॅबिनेट, माणसाच्या उंचीचं, काळ्या रंगाचं. खोटं कशाला बोलू, काम देखणं होतं. प्लायच्या कडा अशा घासलेल्या की बोट अडकत नव्हतं. काचेआड स्क्रीन, खाली गोल मुठीची दांडी, सहा बटणं, आणि त्यांच्या शेजारी ते लाल. डोक्यावर कप. स्क्रीनखाली पितळेची पाटी, चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली. पाटीवर त्याचं नाव आणि पुन्हा तेच: जनक.

बायकोने लाल बटण दोनदा दाबून पाहिलं.

"पोटात छोटा कॉम्प्युटर आहे, भावोजी," मेहुणा मला सांगत होता. "तो आपल्या जुन्या कॉम्प्युटरची हुबेहूब नक्कल करतो. गेमला कळतसुद्धा नाही की आपण दुसऱ्याच घरात आहोत."

"सवय असते एकेकाला, दुसऱ्याचं घर आपलं म्हणायची," बायको म्हणाली.

त्याने ते हसण्यावारी नेलं. मग हळूच विषयावर आला. "एकेचाळीस गेम इंटरनेटवरून उतरवले. ते मस्त चालतात. बेचाळिसावी 'टाकी'. ती कुठे मिळणार? जगात एकच कॅसेट, ही. अकरा वेळा लावली गं, चढतच नाही. टेप सडली बहुतेक."

बायकोने कॅसेट हातात घेतली. वरच्या चिठ्ठीवर तिचंच पंधरा वर्षांचं अक्षर होतं. "रेकॉर्डर तोच आहे?"

"तोच. उलट सर्व्हिस केलाय. टेपला घासतं ते हेड केवढं तिरकं होतं, माहितीय? गाण्यांची कॅसेट लावून, कानाने ऐकून, एकदम सरळ केलं."

बायको हसली. हे हसू मी आजवर तीनदा पाहिलंय. तिन्ही वेळा त्यानंतर कुणीतरी आमच्याकडे येणं बंद केलं.

"तिरकं का होतं ते?"

"जुना रेकॉर्डर. होतं असं."

"सातवीत असताना तू कपाटावरून पाडलास म्हणून. तुझे दुकानातले गेम चढेनात, तर रडून घर डोक्यावर घेतलंस. मी स्क्रू फिरवून हेड सरळ केलं. पण तोवर माझा अर्धा प्रोग्राम तिरक्या हेडवर भरून झाला होता, तो सरळ हेडवर चढेना. मग रोज पहाटे स्क्रू पाव फेरा डावीकडे, माझ्या कामासाठी. साडेसहाला पाव फेरा उजवीकडे, तुझ्या खेळासाठी. उरलेले चार महिने, एक दिवस न चुकता. आता मला सांग, ज्याने ही कॅसेट भरली, त्याला हे माहीत नसेल?"

मेहुण्याने बापाकडे पाहिलं. बापाने छताकडे.

"एवढ्याशा स्क्रूवरून काय ताई..."

बायकोने पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला. ती चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवते. नखाएवढा स्क्रूड्रायव्हर तिच्या पर्समध्ये कंगव्याआधी जातो. तिने रेकॉर्डरची वायर कॅबिनेटला जोडलेली आहे ना ते पाहिलं, कॅसेट घातली, चालू केली. आवाज आला, पण सर्दी झाल्यासारखा, घोगरा. तिने हेडशेजारच्या स्क्रूवर टोक टेकवलं, डोळे मिटले आणि अगदी सावकाश डावीकडे फिरवू लागली. आवाज मोकळा होत गेला. मग एकाएकी तो सुरीसारखा धारदार झाला, दातांपर्यंत जाणारा. तिने हात उचलला आणि टेप पहिल्यापासून लावली.

स्क्रीनच्या कडांवर निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागल्या. मग ओळीओळीने चित्र उतरलं: इमारत, शिडी, चार रिकाम्या टाक्या, वर मोठ्या अक्षरांत नाव.

"आली! बाबा, आली! आपली 'टाकी' आली!" मेहुणा जागच्या जागी उड्या मारत होता. पंचेचाळीस पार केलेला माणूस, पण त्या क्षणी मला तो बाराचा दिसला. बायकोलाही दिसला असावा.

तिने रेकॉर्डर बंद केला. पट्ट्या थांबल्या. अर्धा चढलेला गेम म्हणजे नुसतं चित्र. त्याच्यापुढे दांडी हलवून उपयोग नाही.

"बंद का केलास?"

"अजून तीन मिनिटांचं बाकी आहे. ते हवं असेल तर ती पाटी काढ." तिने स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "चारच स्क्रू आहेत."

"आत्ता? अध्यक्ष येतायत! आमंत्रणं गेलीत सगळ्यांना!"

"मग भराभर काढ."

मेहुण्याने घाम पुसला. विचार केला. त्याच्या मानाने बराच वेळ केला. "बरं, असं करू. पाटी राहू दे, खाली एक छोटी पट्टी लावू. 'सहाय्य', आणि पुढे तुझं नाव. मस्त दिसेल."

"सहाय्य," बायको म्हणाली. आवाज चढला नाही. तिचा आवाज चढला की मी निर्धास्त असतो. उतरला की घाबरतो. "तू झोपलेला असायचास रे. घोरत. मी टीव्हीचा आवाज मारून, पांघरुणाची खोळ डोक्यावर घेऊन बसायचे, तुझी झोप मोडू नये म्हणून. त्या झोपेला सहाय्य म्हणायचं असेल तर पट्टीवर तुझंच नाव घाल."

कोपऱ्यातून सासरे खाकरले. "अगं, कॉम्प्युटर त्याच्यासाठी आणला होता. मग त्याच्या नावाने नको द्यायला? आणि तुझं काय अडलं त्यावाचून? चांगलं घर मिळालं, नवरा मिळाला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणाच्या तरी नुकसानीची भरपाई म्हणून माझी नोंद आयुष्यात पहिल्यांदाच होत होती. मालाची अवस्था पाहता मला ती फारशी पटली नाही.

"बाबा," बायको म्हणाली, "तुम्ही कप घेऊन आलात, तेव्हा दार मी उघडलं होतं. आठवतंय? मला वाटलं, माझ्या हातात द्याल. निदान धरायला. तुम्ही म्हणालात, बाजूला हो, त्याला बोलव."

सासऱ्यांनी डोळे बारीक केले. त्यांना आठवत नव्हतं, हे तोंडावर दिसत होतं. मला वाटतं, त्यांना आठवलं असतं तर ती कदाचित थांबली असती.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. "ताई, प्लीज," मेहुणा कुजबुजला. "आत्ता चढव. पाटीचं नंतर बघू. घरातलं घरात."

"घरातलं घरातच होतं चौतीस वर्षं. क्लबात तू नेलंस."

तिने स्क्रू पाव फेरा उजवीकडे फिरवला. कॅसेट काढली, पर्समध्ये टाकली, चेन ओढली. "हे घे. हेड सरळ केलंय, तुला आवडतं तसं. जप त्याला."

अध्यक्ष आत आले. चौकटीचा शर्ट घातलेला उत्साही म्हातारा. कॅबिनेटभोवती फिरून आले, कडांवर हात फिरवला, आणि बेचाळिसाव्या गेमवर दांडी नेऊन बटण दाबलं. काळा स्क्रीन. पुन्हा दाबलं. तरी काळा.

"टेप सडली हो, ऐन वेळी," मेहुणा म्हणाला. "जुनी टेप."

"अरेरे! केवढं नुकसान! पण काय हो, बारा वर्षांच्या पोराने एवढं लिहायचं म्हणजे... किती ओळींचा होता प्रोग्राम?"

मेहुण्याने सवयीने ताईकडे पाहिलं.

"तीनशे बारा," बायको दारातून म्हणाली, आणि निघाली.

अध्यक्ष एकदा दाराकडे, एकदा पाटीकडे पाहत राहिले. मी नेहमी अशा वेळी चप्पल शोधायच्या निमित्ताने खाली वाकतो. या वेळी चप्पल पायातच होती. "ज्याला ओळी माहीत आहेत ना साहेब," मी म्हणालो, "ते माणूस आत्ता माझ्या गाडीत बसतंय. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मेहुण्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भाऊबंदकीत साक्ष फिरली. सासरे छताकडेच पाहत होते. गाडीत बायकोने घर येईपर्यंत पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

माळ्यावर माझा लग्नाआधीचा टेपरेकॉर्डर होता. पुसला. तो लॅपटॉपला जोडला आणि तसलाच नकल्या प्रोग्राम तिने त्यात घातला. वेगळं यंत्र, वेगळा स्क्रू; पाव फेऱ्याचा हिशेब इथे चालणार नव्हता. तिने कान लावला आणि केसभर-केसभर फिरवत राहिली. तीनदा मधेच अडकलं. तिन्ही वेळा ती जे बोलली ते स्क्रूला उद्देशून नव्हतं. चौथ्यांदा 'टाकी' पूर्ण चढली. आधी तिने तिच्या दोन प्रती करून ठेवल्या, मग खेळायला बसली. कीबोर्डवर क्यू म्हणजे वर, ए म्हणजे खाली, एम म्हणजे व्हॉल्व्ह. बोटांना काहीही विचारावं लागलं नाही.

चार वाजता फोन वाजला. वर्षातला दुसरा.

"तुम्हीच घ्या," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली.

मी घेतला. "भावोजी," मेहुणा म्हणाला, "ताईला सांगा, पाटी काढतो म्हणावं. शप्पथ काढतो. फक्त आधी ती फाइल पाठव म्हणावं. अध्यक्ष थांबलेत अजून."

मी निरोप जसाच्या तसा पोचवला.

"त्याला म्हणावं, पाठवते. आधी एवढंच सांग, पंप बंद करायची की कुठली?"

मी विचारलं. पलीकडे मागून अध्यक्षांचा आवाज ऐकू आला, कुणीतरी दांडी खटखट हलवत होतं.

"लाल बटण," मेहुणा म्हणाला.

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. चौथ्या मजल्यावरची टाकी काठाशी आली होती, ती शिडीवरून वर पळत होती, आणि खाली पंप चालूच होता.