डायनाची सावली

कुत्री म्हटलं की लोकांना शिवी वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते. आमची डायना सुभेदाराच्या घरात राहते आणि सुभेदारापेक्षा जास्त शिस्तीची आहे. जातीनं लॅब्रडॉर, रंगानं तव्याच्या बुडासारखी काळी. फौजेत ती जमिनीत पुरलेली स्फोटकं हुंगून काढायची. तिच्या नाकामुळं किती जवानांचे पाय शाबूत राहिले, हे ना तिला ठाऊक ना आम्हाला. वय झालं, तीही निवृत्त झाली, आणि आमचे हे तिला जयपूरच्या छावणीतून घरी घेऊन आले. हे म्हणजे नागनाथ, माझे यजमान, निवृत्त सुभेदार. मूळचे आम्ही खटावकडचे, पण शेवटची बदली इथं झाली, मुरलीपुऱ्यात घर बांधलं आणि इथलेच झालो.

डायना घरात काही राहिना. सगळं आयुष्य उघड्यावर गेलेलं. फरशीवर पाय घसरायचे, फिरत्या पंख्याकडं संशयानं बघत बसायची आणि जेवायला नको म्हणायची. शेवटी ह्यांनी अंगणातच तिचं घर बांधायला घेतलं. शेजारचे परेशजी म्हणाले, बाजारात पत्र्याचं तयार मिळतं, आणून टाका. ह्यांनी त्यांच्याकडं असं बघितलं की बिचारे पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. पत्रा म्हणजे उन्हाळ्यात तवा आणि थंडीत बर्फ. ह्यांनी विटा आणल्या. दार पूर्वेला ठेवलं, कारण इथली लू पश्चिमेकडून भाजत येते. छताला पांढरा चुना, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून खाली चांगला उंच ओटा, दाराला वाळ्याचा पडदा. पाण्याचं मातीचं परळ कडुलिंबाखाली काठापर्यंत पुरलं, म्हणजे भर दुपारीही पाणी गार. आमच्या लग्नानंतर मला मिळालेलं पहिलं क्वार्टर याच्या निम्म्यानंही चांगलं नव्हतं, हे मी ह्यांना तेव्हाच ऐकवलं.

एवढं सगळं केलं आणि तरी आमची डायना उन्हानं मरता मरता वाचली.

अक्षय्यतृतीयेच्या आधीची गोष्ट. बनी पार्कात रमावहिनींकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. दुपारचं ऊन नको म्हणून त्यांनी सकाळीच बोलावलं होतं. मी निघाले तेव्हा हे फाटकाला रंग देत होते. ओल्या रंगाला अंग लागू नये म्हणून ह्यांनी डायनाला भिंतीच्या सावलीत बसवलं आणि म्हणाले, "रुक." मग रंग संपला म्हणून आणायला बाहेर पडले, दुकानात पलटणीतला कोणी जुना सोबती भेटला आणि दोघं गप्पांत रमले. फौजी माणसाला फौजी भेटला की घड्याळाचं काही खरं नसतं.

ओटीतले भिजवलेले हरभरे आणि डबाभर आंबेडाळ घेऊन मी परत आले, तर अंगण पेटल्यासारखं तापलेलं. भिंतीची सावली केव्हाच भिंतीत शिरली होती. डायना सकाळी बसवली तिथंच होती, ताठ, मान वर, जीभ जमिनीपर्यंत लोंबलेली. चार पावलांवर कडुलिंबाची गर्द सावली होती. गार पाणी तिथंच होतं. मी हाका मारल्या, "ये गं, ये इकडं." तिनं शेपटी आपटली, पण जागची हलली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि "रुक" सोडवायचा ह्यांचा हुकूम मी ओरडले, "चल!" ती लगेच उठली आणि उठताच कोसळली.

तिला ओढत सावलीत नेलं. पोटावर, पायांवर, कानांवर साधं पाणी ओतत राहिले, नेसूच्या जरीच्या साडीचा पदर भिजवून तिला वारा घातला. परेशजींनी गाडी काढली. विद्याधर नगरच्या डॉक्टरीणबाई प्रतिमाजींनी सलाईन लावलं आणि मला म्हणाल्या की यावेळी निभावलं, पण वय झालेलं हृदय पुन्हा असा मार सोसायचं नाही. माझी जरीची साडी त्या दिवशी वाया गेली. तिचं मला तिळभरही वाईट वाटलं नाही.

ह्यांना घरी आल्यावर सगळं कळलं. मी भांडायची पूर्ण तयारी करून बसले होते, पण ह्यांचा चेहरा बघून शब्द गिळले. हे दोन घासही पोटात न घालता उठले आणि तिच्याजवळ ओट्यावर जाऊन बसले.

"तिनं हुकूम पाळला, तारा," तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "चुकला त्यो हुकूम देणारा."

आणि मग ह्यांनी ठरवून टाकलं की डायनाला छावणीत परत द्यायचं. तिथं तिच्याजवळ सतत माणूस असतो, आपल्या हातून पुन्हा अशी चूक झाली तर ती जिवाला मुकेल, असं ह्यांचं म्हणणं. फोन केला. तिकडून उत्तर आलं, महिनाअखेर घेऊन या. ह्यांचं एकदा ठरलं की ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. पण ब्रह्मदेवाचा संसार ह्यांच्याशी झालेला नाही, माझा झालाय. मी म्हटलं, महिनाअखेरपर्यंत ती माझ्या ताब्यात राहील.

मला एक गोष्ट कळून चुकली होती. त्या अंगणात आम्ही तिच्यासाठी सगळं केलं होतं, फक्त स्वतः उठून सावलीत जायची मोकळीक दिली नव्हती. जन्मभर तिनं बसायचं कुठं, उठायचं कधी, हे दुसऱ्यानं सांगितलेलं. मला तिचं सगळं समजत होतं. ह्यांच्या बदल्यांमागं फिरताना मीही तीस वर्षं कुठं थांबायचं हे विचारलं नव्हतं.

मग रोज सकाळी, ऊन कोवळं असतानाच, मी तिला भिंतीच्या सावलीत बसवून "रुक" म्हणायची आणि शेजारी स्टूल टाकून बसायची. ऊन सरकत तिच्या शेपटीला लागलं की मी म्हणायची, "डायना, तुझं तू बघ," आणि स्वतः उठून कडुलिंबाखाली जायची. हातात भाकरीचा तुकडा. ती माझ्याकडं बघायची, भाकरीकडं बघायची, लाळ गाळायची आणि बसून राहायची. पालथ्या घड्यावर पाणी. परेशजींची बायको गच्चीवरून बघून हसायची. मतलब, कुत्र्याशी मराठीत बोलणारी बाई तिनं आधी बघितली नव्हती.

हे व्हरांड्यात पेपरच्या आडून सगळं बघत असायचे. एक दिवस राहवलं नाही.

"शिस्त मोडायलीस तू तिची. जित्याची खोड हाय ती."

"अहो, पलटणीत सावली सरकली की तिला उठवणारा माणूस होता," मी म्हटलं. "तो माणूस आपल्याकडं नाही. मग तिलाच शहाणी करायला नको?"

ह्यांनी पेपर पुन्हा वर केला. पण दुसऱ्या दिवशी माझं स्टूल कोणीतरी आधीच कडुलिंबाजवळ नेऊन ठेवलेलं होतं.

हळूहळू ती शब्दावर उठायला लागली. मग मी शब्द सोडला, नुसती उठून जायची. तीही मागून यायची. पण मी उठले नाही तर ती उठायची नाही, आणि खरी परीक्षा तीच होती. महिना सरत आला. ह्यांनी तिचं ताट, ब्रश आणि जुना पट्टा पिशवीत भरला. मी त्या दिवशी सकाळपासून स्वयंपाकघरातून बाहेर आले नव्हते. भाजीला फोडणी दिली आणि मीठ घातलं की नाही हेच आठवेना.

हे परेशजींची गाडी मागायला निघाले. फाटकाशी डायना मागं मागं आली तसे वळले आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "रुक." ती भिंतीच्या सावलीत बसली. आणि परेशजी म्हणजे चहा पाजल्याशिवाय किल्ली देणारा माणूस नव्हे.

मी खिडकीतून बघत होते. ऊन शेपटीवर आलं, मग पाठीवर. मी हाक मारली असती तर ती आली असती. पण मग ती काय शिकली? हातातली पळी तशीच धरून मी पडद्याआड झाले, म्हणजे मी तिला दिसायला नको. ऊन अजून सोसण्यासारखं होतं. पाठ पुरी तापेपर्यंत थांबायचं, मग पळत जायचं, असं मनाशी ठरवलं.

तिनं फाटकाकडं बघितलं. स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. कोणी नव्हतं. ती उठली, एक पाऊल टाकलं आणि परत बसली. मग ती पुन्हा उठली आणि, कोणाचाही शब्द नसताना, सरळ चालत कडुलिंबाखाली गेली. लपलप पाणी प्याली. स्वतःभोवती गिरकी घेतली आणि फाटकाकडं तोंड करून ताठ बसली. पहारा सोडला नव्हता, फक्त ऊन सोडलं होतं.

फाटकात हे किल्ली घेऊन उभे होते. केव्हापासून, कोणास ठाऊक.

"मी रुक म्हणलं होतं नव्हं तुला?" ह्यांनी आवाज चढवून विचारलं.

डायनानं शेपटी हलवली. पण सावलीतून उठली नाही.

"तारा," ह्यांनी मला हाक मारली. "हिनं हुकूम मोडला."

"मोडला," मी पळी घेऊनच बाहेर येत म्हटलं. माझे डोळे वाहत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. ह्यांनी मातीत बसकण मारली, इस्त्रीच्या पँटसकट, आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. किल्ली परत द्यायला मलाच जावं लागलं, आणि परेशजींनी मलाही चहा पाजला.

आता पौष सुरू आहे. सकाळी धुकं असतं. ह्यांच्या जुन्या खाकी स्वेटरच्या बाह्या कापून मी तिला अंगरखा शिवलाय, ओट्यावर गोणपाटाखाली पेंढा घातलाय. उन्हाळ्यात सावलीमागं जाणारी डायना आता ऊन निघालं की उन्हाच्या पट्ट्यामागं अंगणभर सरकते. तिला कोणी सांगत नाही.

छावणीतले जुने सोबती भेटायला येतात. तिनं काढलेल्या स्फोटकांची चौकशी करतात, कुठं कुठं होती ते विचारतात. हे त्यातलं काहीच सांगत नाहीत. छाती पुढं काढून तिच्याकडं बोट दाखवतात आणि म्हणतात, "ही आमची डायना. हुकूम मोडते."