अलास्काच्या स्लाइड्स

डॉक्टर चारुदत्त कर्णिकांकडे जेवायचं असेल तर आधी अलास्का बघावं लागे. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या साऱ्या मराठी मंडळींना हे पाठ होतं. समुद्राला लागून घर आणि बायकोच्या, सुचित्राच्या, हातचं जेवण, त्यामुळे आमंत्रण कुणी नाकारत नसे. पण पानं मांडण्याआधी पडदे ओढायचे, दिवे घालवायचे आणि ऐंशी स्लाइड्स निमूट गिळायच्या. उत्तरेचा तो हिरवा उजेड, ऑरोरा, ओळखीत फक्त आपणच पाहिलाय याचा डॉक्टरांना भारी तोरा. बेचाळिसावी स्लाइड सुचित्राची होती. हिरव्या आकाशाखाली लोकरीची टोपी घालून ती दात काढून हसत होती.

"ही आमची मंडळी," डॉक्टर सांगत. "हिला इतकं खुश मी कधी पाहिलं नाही."

तो फोटो काढला त्याच्या तीन दिवस आधी सुचित्राचे वडील अकोल्याला वारले होते. तिच्या भावाचा, उल्हासचा, फोन अलास्कातल्या हॉटेलवर आला तेव्हा ती आंघोळीला गेली होती. डॉक्टरांनी फोन घेतला आणि ती बाहेर आल्यावर "हॉस्पिटलचा होता" म्हणून सांगितलं. सहल यथासांग पार पडली. घरी परतून बॅगा टेकवल्यावर, चहा घेता घेता ते बोलले. "तुझी ट्रिप खराब झाली असती गं. तसंही तू अकोल्याला वेळेत पोहोचणार नव्हतीसच."

पोहोचली नसती, कबूल. पण हसली तरी नसती! बाप तिकडे राख झाला आणि आपण इकडे दात काढत होतो, आणि हा माणूस सगळं ठाऊक असून कॅमेऱ्यामागून 'अजून जरा हस' म्हणत होता. हे तिने कधी माफ केलं नाही. भांडली नाही, रडलीसुद्धा बेतानंच. नागिणीसारखा डूख धरून साडेतीन वर्षं पोळ्या लाटत राहिली. आणि येईल त्या पाहुण्याबरोबर ती बेचाळिसावी स्लाइड पाहत राहिली.

एकोणनव्वदच्या मार्चमधल्या एका सोमवारी डॉक्टरांचा नागपूरचा वर्गमित्र अनिल पाहुणा आला होता. मंगळवारी त्याचं परतीचं विमान, म्हणून आडवारीच जेवण ठरलं. श्रीरंग आणि सुनेत्रा, नरेंद्र आणि पद्मिनी अशी दोन जोडपीही होती. साडेसातला पडदे ओढले गेले. फ्रिज भरला होता, म्हणून श्रीखंडाचं पातेलं सुचित्राने मागच्या डेकवर, म्हणजे उघड्या लाकडी ओट्यावर, थंडीत ठेवलं होतं. ते आणायला ती बाहेर आली आणि मागोमाग तिची पंधरा वर्षांची लेक विनीता.

उत्तरेचं आकाश लालभडक झालं होतं. कुठे आग लागली की काय, असं आधी सुचित्राला वाटलं. पण धूर नव्हता, आणि आग काही अशी डोक्यापर्यंत चढत येत नाही. लाल रंगात उभ्या पांढुरक्या रेघा सरकत होत्या. खालची ओली वाळूही गुलाबी दिसत होती. तिने ओळखलं, ऑरोराच, फक्त लाल. ओळखणारच ती.

"आई, इज दॅट... ओ माय गॉड! शुड आय गेट डॅड?"

'हो' तिच्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला, "नीट बघा हं, असं काही आपल्या किनाऱ्यावर जन्मात दिसायचं नाही."

"नको," सुचित्रा म्हणाली. "डॅडला डिस्टर्ब करू नकोस. सुनेत्रामावशी आणि पद्मिनीमावशीला बोलाव. किचनमध्ये हेल्प हवी आहे म्हण."

स्लाइड्स चालू असताना बायका स्वयंपाकघरात गेल्या तर कोण विचारतो? दोघी आल्या. श्रीरंगला त्याची गाडी जरा मागे घ्यायला सांगितलं. नरेंद्रला "तुमचा फोन आहे" म्हणून उठवलं. जो तो डेकवर येऊन आ वासून उभा राहिला.

"अरे यार, हे तर डॉक्टरांच्या स्लाइडसारखं! बोलवा ना त्यांना!" नरेंद्र म्हणाला.

"सांगितलंय मी. येतायत," सुचित्रा म्हणाली आणि तिने सरकतं दार ओढून घेतलं. खोटं बोलून इतकं बरं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं.

पडद्याच्या फटीतून तिने आत पाहिलं. अनिल जेट लॅगने सोफ्यावर घोरत होता, बाकी खोली रिकामी. डॉक्टर पाठमोरे उभे राहून भिंतीकडे बघत रंगात आले होते. भिंतीवर ती हसत होती. डॉक्टर खुर्च्यांना सांगत होते, हिला इतकं खुश मी कधी पाहिलं नाही. सुचित्राला हसू फुटलं, अगदी पोटातून.

वीसेक मिनिटांत लाली ओसरली. ऐंशी स्लाइड्स संपल्या, दिवा लागला आणि डॉक्टर गोंधळून बाहेर आले.

"कमाल करता डॉक्टर, आलाच नाहीत!" श्रीरंग ओरडला. "आख्खं आकाश लाल! अलास्काने झक मारावी!"

डॉक्टर मोजे घातलेल्या पायांनीच पायऱ्या उतरून वाळूत गेले. मान वर करून बराच वेळ उत्तरेकडे पाहत राहिले. तिथे काळोख होता. मंडळी कुडकुडत आत गेली, मागे दोघंच उरली.

"मला का नाही सांगितलंस?" डॉक्टर म्हणाले.

"तुमचा शो खराब झाला असता."

कळायला त्यांना थोडा वेळ लागला, पण कळलं. सुचित्राने तो चेहरा डोळे भरून पाहून घेतला.

"झाली ना मग फिट्टंफाट?" त्यांनी हळूच विचारलं.

"एवढ्यात?" ती म्हणाली. "तुमचं नुसतं आकाश हुकलं." आणि ती पानं वाढायला आत गेली.