वतनिया आली की मी उठायचो

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो. खरं म्हणजे आता नुसती पेटी उरलोय. आतला सगळा संसार बदलला. तरी नाव जुनंच सांगतो, कारण ज्यानं मला जोडलं तो याच पेटीवर थाप मारून मला हाक मारायचा.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. बगदादच्या सिनाआ रस्त्यावरच्या वेगवेगळ्या दुकानांतून माझे अवयव गोळा झाले. मला जोडणारा तो सरमद. त्याच्या वडिलांना तयार संच घ्यायचा होता. खोक्यात सगळं एकत्र, घरी न्यायचं आणि लावायचं. सरमदनं नाक मुरडलं. "याबा, तयार संच म्हणजे दुसऱ्याच्या मापानं शिवलेला कोट. मी माझ्या मापाचा जोडतो."

"जोड," वडील म्हणाले. "नाही चालला तर तुझी आई त्यात कोंबड्या पाळेल."

मी चाललो! माझी पेटी एका बाजूनं चेपलेली होती, म्हणून स्वस्तात मिळाली. पंखा एका बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेतला. त्याला फिरताना टिक-टिक करायची खोड होती. सरमद म्हणाला, असू दे, निदान हा जिवंत आहे ते कळेल.

आमच्या मोहल्ल्यात वीज दोन प्रकारची. एक गल्लीतल्या जनरेटरची, तिच्यावर दिवे आणि पंखे. दुसरी सरकारी, तिला सगळे वतनिया म्हणतात. ती कधी येईल नि कधी जाईल याचा नेम नाही. आली की पोरं ओरडतात, "आली, वतनिया आली!" आणि बायका हातातलं टाकून कपडे धुवायच्या मशीनकडे धावतात. मी वतनियावरच चालायचो. सरमदनं मला सवयच लावली होती, वीज आल्याबरोबर आपणहून उठायचं. "मी गच्चीवरून खाली येईपर्यंत तू तयार पाहिजेस, आळशा," असं म्हणून तो थाप मारायचा. घरच्यांना वाटे, तोच धावत जाऊन बटण दाबतो. त्याच्या मागोमाग त्याची आई, उम्म सरमद, वेलदोड्याच्या चहाचा छोटा पेला आणून माझ्याशेजारी ठेवायची. फार सुखाचे दिवस होते ते.

ऑगस्टमधल्या एका दुपारी वीज गेलेली होती आणि घराच्या भिंतीसुद्धा तापल्या होत्या. सरमद उठला. "दजला नदीत डुंबून येतो."

"नको रे, पाण्याला ओढ आहे," आई म्हणाली.

"वतनिया आली की मी आलोच समज."

संध्याकाळी लोकांनी त्याला नदीतून काढून घरी आणलं. अंगण माणसांनी भरून गेलं. आणि नेमकी तेव्हाच वतनिया आली. मला काय ठाऊक, मित्रांनो! मी सवयीनं उठलो. रिकाम्या खोलीत माझा पंखा टिक-टिक करू लागला. उम्म सरमदचं रडणं एकदम थांबलं. दाराकडे बघत तिनं विचारलं, "आलास का रे?"

त्या दिवसापासून तेच सुरू झालं. वतनिया आली की मी उठायचो, ती चहा आणायची. पेला माझ्याशेजारी ठेवायची, दारातच उभी राहायची, खोलीत बसायची मात्र नाही. वीज गेली की गार चहा उचलून न्यायची. सरमदची धाकटी बहीण तीबा तेव्हा लहान होती. माझी टिक-टिक ऐकली की ती कानांवर उशी दाबून धरायची. त्या खोलीचा उंबरा तिनं कधी ओलांडला नाही. पुढे वडीलही गेले, पण चहाचा पेला चुकला नाही.

तुम्हाला एक सांगू? हळूहळू मलाही खात्री वाटेनाशी झाली. मला सवयीनं जाग येते की खरंच कुणी उठवतं? कधी कधी उठताना पेटीवर थाप पडल्यासारखी वाटायची. समोर बघावं तर खुर्ची रिकामी.

तीबा मोठी झाली आणि घरं बांधायचं शिक्षण घ्यायला कॉलेजात गेली. तिला नकाशे काढायचे होते. माझ्या आतलं सगळं इतकं जुनं झालं होतं, की ती कामं मला झेपणारी नव्हती. तिनं मला चादरीत गुंडाळलं आणि टॅक्सी बोलावली. मला मांडीवर कुणी घेतलं असेल? उम्म सरमदनं! दुकान येईपर्यंत तिनं हात माझ्यावरून काढला नाही.

दुकानदार मुहन्नद मोठा बोलका. "खाला, या खटाऱ्याला कशाला फिरवताय? हे बंडल बघा. पेटी, पडदा, कीबोर्ड, माउस, सगळं एकात. आत रंगीत दिवे. हा जुना मला द्या, किंमत कमी करतो."

"याला तुम्ही ठेवून घेणार?" उम्म सरमदनं विचारलं.

"फोडून भंगारात देईन."

उम्म सरमदनं चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं. तीबा त्या मुठीकडे बघत राहिली. त्या रंगीत बंडलवर तिचा जीव जडला होता, हे मला दिसत होतं.

"चालू तरी होतो का, बघू," म्हणत मुहन्नदनं मला वायर जोडली. बटणाला हात लावायच्या आतच मी उठलो. तो हसला. "अरेच्चा! करंट लागला की आपोआप उठतो हा. सेटिंग केलंय कुणीतरी."

तीबाचा चेहरा उतरला. इतकी वर्षं ज्याला घाबरली ते हे एवढंसंच होतं. तिनं भीत भीत आईकडे पाहिलं.

"कुणी केलंय?" उम्म सरमदनं विचारलं.

"ज्यानं जोडला त्यानं, खाला. दुसरं कोण करणार?"

"मग मी तरी वेगळं काय म्हणत होते?" ती शांतपणे म्हणाली.

तीबानं बंडलकडे पाठ फिरवली. "पेटी हीच ठेवा. आत नवीन घाला. पंखा चालतोय ना? तोही राहू दे."

पण आई पाणी प्यायला वळली तशी ती मुहन्नदच्या कानाशी वाकली. "ते आपोआप उठायचं सेटिंग मात्र नको. माझी आई पुरी थकलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत ओरडा झाला, "वतनिया आली!" मी उठायला गेलो, आणि उठताच येईना. नवे अवयव गप्प होते, त्यांना सरमद ठाऊक नव्हता. उम्म सरमद पेला घेऊन दारात आली. कान देऊन उभी राहिली. खोलीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझा जीव नुसता तळमळत होता.

"युम्मा," मागून तीबा रडवेली होऊन म्हणाली, "मीच नको म्हणून सांगितलं. तू किती दिवस अशी दारात उभी राहणार?"

"ऐकलं मी दुकानात. माझे कान अजून शाबूत आहेत." उम्म सरमद आत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या खुर्चीवर बसली. "बटण कुठे असतं याचं?"

तीबानं उंबरा ओलांडला आणि आईचं बोट धरून बटणावर ठेवलं.

"ऊठ रे आळशा," उम्म सरमद म्हणाली. "वतनिया आलीय." आणि तिनं बटण दाबलं.

पंखा टिक-टिक करू लागला. तिनं दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं, आणि ते तिनं डोळे भरून पाहिलं. मग चहाचा पेला तीबाच्या हातात दिला. "गार व्हायच्या आत पी."

मित्रांनो, मला आता कुणी उठवल्याशिवाय जाग येत नाही. रोज मी त्या बोटाची वाट बघतो. तुम्ही नवं बंडल घ्या, नाहीतर एकेक भाग निवडून जोडा, माझी हरकत नाही. पण जुन्याला भंगारात टाकण्याआधी घरात एकदा विचारा, हे कुणी जोडलं होतं. आणि एखाद्या रिकाम्या खोलीत काही आपोआप सुरू झालं, तर कानांवर उशी दाबू नका. आत जा आणि त्याच्याजवळ थोडा वेळ बसा.