मैनाच्या खाटेजवळचा ड्रम

मी एक जुना लोखंडी ड्रम आहे. खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे. तिथे गोमाच्या घरामागे, करवंदीच्या जाळीत मी पडून असतो. मित्रांनो, माझ्या आयुष्यात पराक्रम नाही. जे घडलं ते सांगतो.

पत्रा वाकवून, कडा दुमडून मला मुंबईत घडवलं आणि निळा रंग दिला. पुढे मोहोपाड्याकडे नेऊन माझ्यात पिवळी भुकटी भरली. पिकावरची कीड मारायचं औषध होतं ते. माझ्या पोटावर कवटीचं चित्र छापलं. भुकटी संपली तसा मी भंगारात निघालो. खोपोलीच्या एका भंगारवाल्यानं तारेच्या ब्रशनं ती कवटी खरवडली, आत दोन बादल्या पाणी फिरवलं आणि मला दुकानापुढे उभं केलं. पण तळाशी पत्रा जिथे दुमडला होता, त्या फटीत चिमूटभर भुकटी राहून गेली. ती मला जाणवत होती.

गोमा मला घ्यायला आला ते साल सत्त्याहत्तर असावं. तो खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. त्यानं माझ्यात डोकं घालून वास घेतला. रॉकेल आणि ग्रीसमध्ये वीस वर्षं काढलेल्या त्याच्या नाकाला काही कळलं नाही.

"यात काय व्हतं रं?" त्यानं विचारलं.

"गोडं तेल. धुतलेला हाय, बघा की," भंगारवाला म्हणाला.

मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो.

गोमाची बायको मैना. तिच्या हाताला गुण आहे असं गाव म्हणायचं. तिनं काठी रोवली तरी तिला पालवी फुटेल, असं. तिची माठाची भाजी आणि वांगी कर्जतच्या बाजारात दुपारच्या आत संपत. आदल्या वर्षी लावणीच्या दिवसांत ती बांधावरून घसरली आणि कंबरेचं हाड मोडलं. सहा महिने अंथरुणात गेले. हाड जुळलं, पण पायांत जोर आला नाही. पडवीतल्या खाटेवर ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. विचारलं तर "हो" किंवा "नाय", एवढंच बोले.

गोमानं कुठल्याशा शेतीच्या मासिकात वाचलं होतं, की मासे ज्या पाण्यात राहतात त्या पाण्यावर भाजी जोमानं येते. त्याच्या डोक्यात आलं, की ही शेती जमिनीवर कशाला हवी? खाटेच्या उंचीवर केली तर? या शेतीला काही नाव असेल तर ते त्याला ठाऊक नव्हतं. ती कुणी केलेलीही त्यानं पाहिली नव्हती.

त्यानं पडवीला लागून विटांची टाकी बांधली. मला आडवं पाडून छिन्नीनं माझं पोट उघडलं, आतून डांबर फासलं, तळाला एक नळी बसवली आणि टाकीवर खांबांच्या आधारानं ठेवलं. माझ्यात नदीतले गोटे भरले. टाकीतलं पाणी माझ्यात ओतायचं, ते गोट्यांतून झिरपून नळीवाटे परत टाकीत पडायचं, अशी ती रचना होती.

मैनानं कूस बदलली आणि कितीतरी दिवसांनी एक अख्खं वाक्य बोलली. "अवं, गोटं पेरलंत का काय?"

गोमा इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण शिकणाऱ्याला सगळं चुकतच शिकावं लागतं. त्यानं नव्या टाकीत चिलापी जातीचे चाळीस मासे सोडले. दुसऱ्या दिवशी ते सगळे मेले. शेजारची गोदूबाई म्हणाली, "नव्या शिमिटाचा दाह आसतो रं बाबा. केळीचं खांब टाकून पंधरा-वीस दिस पानी बदलत ऱ्हा." त्यानं तसं केलं आणि पुन्हा चाळीस मासे आणले. प्रेमानं मूठमूठ भात घातला. पाण्याला घाण सुटली, निम्मे मेले. मग तो थांबला. उरल्यातले दहाच ठेवले, बाकीचे तळ्यात सोडून आला. भात चिमटीवर आणला. महिन्याभरात गोट्यांवर बुळबुळीत थर धरला आणि पाणी निवळशंख झालं.

गोमानं काठीला डालड्याचा डबा बांधून मैनाच्या हातात दिला. ती उशीला टेकून बसायची, टाकीत डबा बुडवायची आणि माझ्यात ओतायची. आधी दहा डबे, मग पन्नास. गोमा कामावर असताना ते मासे तिच्याच हातावर जगत. तिनं माझ्यात माठ पेरला, कडेला अळू लावलं, दोन मिरच्या लावल्या.

मित्रांनो, तो हिवाळा माझ्या आयुष्यातला एकमेव चांगला काळ. अळूची पानं सुपाएवढी झाली. लोक बघायला येऊ लागले. मैना खाटेवरून त्यांना समजावून सांगायची आणि जुड्या बांधून द्यायची. गोदूबाईची सून गरोदर होती. तिच्यासाठी मैना कोवळा माठ निराळा काढून ठेवी. मला वाटलं, डांबराच्या थराखाली ती भुकटी कायमची गाडली गेली. मीसुद्धा स्वतःला फसवलं.

चैत्र आला. दुपारी माझा पत्रा हात लावू नये असा तापू लागला. डांबर मऊ झालं, गोट्यांच्या भारानं सरकलं आणि तळाच्या दुमडीपाशी त्याला चीर पडली. ती मला कळली. पाणी तिथे शिरलं तेही कळलं. मैना गुणगुणत डबे ओतत होती. प्रत्येक डब्यासरशी माझ्यातलं विष नळीतून खाली जात होतं, आणि मी लोखंडाचा, गप्प.

सकाळी दहाही मासे उताणे तरंगत होते. मैनानंच ते आधी पाहिले.

"माज्या हातानं मेलं," ती म्हणाली.

"आसं नको बोलू गं. उन्हानं झालं आसंल."

गोमानं टाकी उपसून नवे मासे आणले. ते संध्याकाळपर्यंतही टिकले नाहीत. तिसऱ्यांदा आणले तेव्हा मैनानं डब्याला हात लावला नाही. "माजा गुण गेला. तुमीच वता," म्हणाली. गोमानं ओतलं. तेही मेले.

तेव्हा गोमानं माझ्यातले गोटे एकेक करून बाहेर काढले आणि पोलादी पट्टीनं डांबर खरवडलं. तळाच्या फटीत पिवळा चिखल दिसला. त्यानं तो पट्टीवर घेऊन उजेडात धरला; पिकावर मारायची ही पिवळी भुकटी त्यानं शेतांत पाहिली होती. मग उठून मैनाकडे गेला. त्याच्या आवाजात एक प्रकारची सुटका होती.

"मैना, तुजा हात नाय गं! डरमात इख व्हतं. किडं मारायचं इख. तुजा काय बी दोष नाय!"

मैनानं त्याच्याकडे पाहिलं. "मंजी मी लोकास्नी इख खाऊ घातलं," ती म्हणाली. "तुमास्नी घातलं. गोदूबायच्या सुनंला घातलं. ती गरवार हाय वो."

 गोमानं खोपोली गाठली. भंगारवाला म्हणाला, "मला काय ठावं? ज्यानं दिला त्येला इचारा."

गावात कुणाला काही झालं नाही. पण कुणी खोकलं, कुणाचं पोट दुखलं, की मैना त्या घराचं नाव घेऊन विचारी, "त्यांच्याकडं किती जुड्या गेल्या व्हत्या?" आषाढात गोदूबाईच्या सुनेला मुलगी झाली. चांगली, धडधाकट. गोमा धावत सांगायला आला. "बोटं मोजली, मैना. धा हायती. जोरात रडती."

"मोठी व्हऊ द्या," मैना म्हणाली. "मंग सांगा."

तिनं खाट आत न्यायला लावली. ती मुलगी आता शाळेत जाते, मैनाच्या अंगणातून धावत जाते. तिची पावलं ऐकली की मैना डोळे मिटून घेते. काठीचा डबा, बियांच्या पुरचुंड्या, सगळं तिनं गोदूबाईला देऊन टाकलं. पुन्हा तिनं काही लावलं नाही. गोमा तिच्यापाशी बसतो, पण नवं काही सुचवत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या वाडीतला एक गृहस्थ मला मागायला आला. लेकीच्या लग्नात, नळीचं भोक बुजवून, पाणी भरून ठेवायला ड्रम हवा होता त्याला.  गोमानं आतून पहार आणली आणि माझ्या तळाला, कुशीला भोकं पाडायला सुरुवात केली. पाहुणा मागे सरकला. घाव लागत होते, तरी मला वाटलं, अजून मार. एकही जागा शाबूत ठेवू नकोस.

मित्रांनो, इतर जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतील, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझ्यासारखा कुणी स्वस्तात मिळाला, धुतलेला दिसला, तरी आधी विचारा की यात काय होतं. एकाला विचारून थांबू नका. खात्रीचं उत्तर मिळालं नाही, तर रिकाम्या हातानं घरी जा.