आईचा पंचविसावा दिवस

फुस्स.

दुपारच्या शांततेत आतल्या खोलीतून आईच्या दम्याच्या पंपाचा आवाज आला. घड्या घालता घालता माझे हात थांबले. थोड्या वेळाने पुन्हा फुस्स. सकाळपासून ही चौथी खेप.

आम्हा तिघींना एकाच आठवड्यात ताप आला. पहिली माझी लेक, बारकी. तिने तो बालवाडीतून आणला. चार दिवसांत ती पलंगावर उड्या मारायला लागली. मी आठव्या दिवशी उठले. आईचा आज पंचविसावा. ताप कधीच गेलाय, पण मोरीपर्यंत जाताना ती दोनदा भिंतीला टेकते.

आई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिवणीचं काम करते. सोमवारी ती रुजू झाली नाही, तर बावीस वर्षांची तिची जागा दुसऱ्या बाईला जाणार. आणि मीच शहाणी, परवा तिला म्हणाले, "आम्ही उठलो की, आई. आता तूही जरा मनावर घे."

तिने मनावर घेतलंच होतं. आत्ता ती बाहेर आली, कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला आणि डोळ्यांसमोर धरला. कारखान्यात पुस्तकाच्या कापलेल्या कडेवरची कागदाची भुकटी ती एका फुंकरीत उडवते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. नव्या मुलींना तीच ते शिकवते. तिने छाती भरून घेतली. फुंकर मध्यावरच संपली आणि पुढे नुसता खोकला.

मी पाठ चोळत राहिले. हाताखाली श्वास खरखरत होता.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलंच नाहीस तू."

"काय सांगायचं? दम्याने श्वासाच्या नळ्या आधीच सुजलेल्या, त्यात हे दुखणं. सूज उतरायला गोळी दिली, तर तिने साखर चढवली. साखर चढली की अंग लवकर भरून येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी, गुडघे धरून." ती हसली, मग दम लागून थांबली. "महिना-दोन महिने लागतील म्हणाल्या. पण तू म्हणालीस मनावर घे. मग कुठल्या तोंडाने सांगू?"

मला वर बघवेना. माझ्या आठ दिवसांच्या पट्टीने मी तिचं अंग मोजत बसले होते.

"मालकांना फोन लाव," ती म्हणाली. "सोमवारी जमत नाही म्हणावं. जागा द्यायची तर देऊ देत. फक्त त्या नवीला म्हणावं, दोरा मेणातून नीट ओढून घे. कोरडा दोरा कागद फाडतो."

मी नंबर शोधत होते, तोवर बारकी उठून आली आणि आजीच्या मांडीवर चढली.

"आजी, खोकला मी आणला ना?"

"आणलास. पण तुझ्याकडे तो एकटा पडला, कंटाळून निघून गेला. माझ्याकडे दमा आणि साखर हे दोन जुने भाडेकरू. त्यांनी त्याला बसवून घेतलं."

"त्यांना जा म्हण की."

"म्हणून बघितलं. ढिम्म हलत नाहीत मेले."

फोनची रिंग वाजत होती. बारकीने आजीकडे बराच वेळ बघितलं. मग मांडीवरून उतरली, माझ्याजवळ आली आणि आजीला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू म्हणाली, "आई, ते गेलेच नाहीत, तर आजीला जावं लागेल का?"