अडवायचं विसरलेला अंगठा

"दादा, खरं सांग, तू मला मुद्दाम जिंकू देतोस का?"

हा प्रश्न भिंगरीचा स्वतःचा नव्हता. तिच्या दोन मैत्रिणींनी, लंबूने आणि चष्मीने, "हिंमत असेल तर विचारून दाखव" म्हणत तिला घरी पिटाळलं होतं. तिने तो हसत हसतच विचारला. दादा हसला नाही. त्याने मला घट्ट धरलं. उत्तर त्याला ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं, पण मला कुठे तोंड आहे?

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. टीव्हीचा नाही हं. टीव्हीच्या रिमोटसाठी घरोघरी भांडणं होतात, त्याचे लाड वेगळे. मी मारामारीच्या गेमचा रिमोट. पडद्यावर दोन पहिलवान समोरासमोर उभे राहतात. एकाला मी हलवतो, दुसऱ्याला माझा जुळा भाऊ. माझ्या डाव्या अंगाला दिशांची बटणं आहेत आणि उजव्या अंगाला लाथाबुक्क्यांची. कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळाकुळकुळीत होतो, माझ्यात तोंड दिसायचं. आता घामाने माझा रंग उडालाय आणि मागच्या दिशेचा बाण तर पार पुसून गेलाय.

तो बाण दादाच्या अंगठ्याने पुसला. ते बटण दाबून धरलं की पहिलवान हात आडवे धरतो आणि मार अडतो. बाकीची पोरं मारायला शिकत होती तेव्हा दादा अडवायला शिकत होता. गेममध्ये सरावाची एक रिकामी खोली असते. तिथल्या बाहुल्याला एकदा सांगितलं की तो एकच फटका पुन्हा पुन्हा मारत राहतो. दादा शाळेतून आला की दप्तर फेकून त्या बाहुल्यासमोर बसायचा. वरून आलेली लाथ उभ्याने अडवायची, खालून आलेली खाली बसून. आधी त्याने नुसताच मार खाल्ला. मग थोडा अडवला. मग एक दिवस डोळ्यांच्याही आधी अंगठा हलायला लागला. गल्लीच्या टोकाला गेमचं दुकान होतं, तिथे तो मला पिशवीतून न्यायचा. तिथली पोरं त्याला भिंत म्हणायची. "भिंत आली रे, बसा आता डोकं आपटत." हे ऐकलं की मी हातातल्या हातात फुगायचो.

मग सगळे मोठे झाले. कुणी कामाला लागलं, कुणी लांब राहायला गेलं. दादाही फरश्यांच्या दुकानात लागला. खेळायला उरली ती एकटी भिंगरी, त्याची धाकटी बहीण. ती हरायची, आणि हरली की भोकाड पसरून ताटावरून उठायची. एकदा बाबा वैतागले.

"घोडा झालास तू. एखादा डाव सोडलास तर काय बिघडतंय तुझं?"

"सोड रे," आई म्हणाली. "निदान पोरगी जेवेल तरी."

दादाने एक डाव सोडला. पोरगी जेवली. मग दुसरा सोडला. मग ते रोजचंच झालं.

मित्रांनो, मुद्दाम हरणंही सोपं नसतं. समोरच्याला संशय येता कामा नये. दादाने त्यासाठी एकच जागा निवडली. खाली बसून पाय झाडायची एक लाथ भिंगरीच्या फार आवडीची होती. ती तिला झाडू म्हणायची. झाडू आला की दादाचा अंगठा माझ्या पुसलेल्या बटणावर यायचा आणि थांबायचा. नुसता टेकायचा, दाबायचा नाही. इकडे पहिलवान आडवा, तिकडे भिंगरी सोफ्यावर उभी. "भिंत पाडली, भिंत पाडली." दादा कपाळाला हात लावून हळहळल्याचं सोंग आणायचा. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

भिंगरी मोठी झाली आणि गेमच्या दुकानातल्या स्पर्धेत नाव देऊन आली. "माझा दादा म्हणजे भिंत, आणि त्याला मी रोज पाडते," असं तिने वर्गभर सांगितलं होतं. दादाने मोठ्या मनाने मला तिच्या हातात दिलं. समोर औषधांच्या दुकानात काम करणारी एक ताई बसली, कामावरचा कोटही न काढता. भिंगरीने झाडू मारला, ताईने अडवला. पुन्हा मारला, पुन्हा अडवला. भिंगरीकडे दुसरं काही नव्हतंच. चष्मीने चष्मा पुसून डोळ्यांवर ठेवला तोवर सगळं आटोपलं होतं.

"तुझी भिंत कागदाची दिसतेय," वाटेत लंबू म्हणाली. "अगं, सोडत असणार तो तुला. विचार की."

म्हणून घरी येताच, मला दादाच्या हातात देत, तो प्रश्न.

"हो," दादा म्हणाला.

"कधीपासून?"

"तू लहान होतीस, जेवायची नाहीस, तेव्हापासून."

"म्हणजे मी कधीच जिंकले नाही?"

भिंगरीने माझ्या जुळ्या भावाला उचललं. "आता खरं खेळ. दया दाखवलीस तर जन्मात बोलणार नाही."

खेळ सुरू झाला. झाडू आला. अंगठा बटणावर आला आणि थांबला.

"सोडलास."

"नाही गं."

"दादा, सोडलास तू."

"शप्पथ नाही. पुन्हा मार."

तिने पुन्हा मारला. मित्रांनो, त्याला दाबायचं होतं. त्याचा अख्खा पंजा ताठला होता, मला घाम फुटेल इतका. अंगठा तेवढा दगडासारखा पडून राहिला. अडवायला शिकायला त्याला वर्षं लागली होती, आणि तितक्याच नेमाने तो ते विसरला होता.

"खोटारडा," भिंगरी म्हणाली आणि दार आपटून गेली. दादा बराच वेळ अंगठ्याकडे बघत बसला. मग त्याने मला खणात टाकलं, मेलेल्या बॅटऱ्या आणि तुटक्या चार्जरांच्या शेजारी.

त्या अंधारात मला एकच गोष्ट खात होती. तो खरं बोलत होता आणि हे फक्त मला माहीत होतं. आम्हाला आपटू नका, आमच्यावरची धूळ पुसा, असं मी तुम्हाला एरवी सांगितलं असतं. पण माझं बटण झिजलं तर नवं मिळतं. ज्याच्यावर तुमची माया आहे त्याला खोटं जिंकवू नका. त्यात त्याचंही काही उरत नाही आणि तुमचंही.

रविवारी दुपारी दादाने मला बाहेर काढलं आणि सरावाची खोली उघडली. बाहुल्याला झाडू मारायला सांगितलं. बाहुल्याने मारला, दादा पडला. उठला, पडला. पुन्हा पडला. त्याचे दात एकमेकांवर घासत होते. एकेकाळी हाच बाहुला त्याच्यापुढे दमायचा. आता यातून काही परत येईल, अशी आशा मला उरली नव्हती.

भिंगरी ओले केस पुसत दारात आली आणि पडद्याकडे बघत थांबली. बाहुल्यापुढे सोंग आणायला कोण बसेल? तिचे हात केसांतच राहिले. दादा आणखी एकदा पडला. तशी ती आत आली, त्याचं मनगट धरलं आणि त्याला माझ्यासकट ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेली. आई-बाबा भाजी निवडत होते.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "आजपासून मी दादाला रोज झाडू मारणार, त्याला अडवता येईपर्यंत. आणि त्याला अडवता यायला लागलं की मी रोज हरणार. मी रडेन, दारं आपटेन, नको नको ते बोलेन. तेव्हा तुम्ही दोघांनी त्याला एक शब्द बोलायचा नाही."