फार्गोचे कब्जे

पोलिसांनी ललितची बॅग परत दिली तेव्हा तिच्यात जेवणाचा रिकामा डबा होता आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन लोखंडी कब्जे. मालतीबाईंनी डबा घासून मांडणीवर लावला. कब्ज्यांना मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. कागदासकट ते कपाटात, मुलाच्या शर्टांवर ठेवले आणि किल्ली कमरेला खोचली.

ते कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, एका जुन्या फार्गो पिकअपच्या बोनेटसाठी होते. ललितचे वडील उखाभाऊ पांडेसऱ्यात डेंटरचं काम करत. शहाद्याकडून तरुणपणी या गुजराती शहरात आले, काही वर्षं मिलमध्ये काढली, मग पत्रा ठोकायला शिकले आणि त्यातच रमले. ललित आयटीआय करून त्यांच्या गॅरेजात आला होता. बापलेक दिवसभर फारसं बोलत नसत. एकाने हात पुढे केला की दुसरा पाना ठेवायचा.

फार्गो किरणभाईंची. त्यांच्या बापुजींनी उभ्या तारुण्यात तिच्यातून साड्यांची गाठोडी वाहिली होती. नंतर ती कतारगामच्या एका शेडमध्ये गंजत पडली. बापुजी थकले, तसं किरणभाईंच्या मनात आलं की त्यांना एकदा तरी या गाडीत बसवावं. इंजिन दुसरीकडे झालं, बॉडी उखाभाऊंकडे आली. सगळा पत्रा सरळ झाला, गडद हिरवा रंग चढला, पण बोनेट बसेना.

मगरीच्या जबड्यासारखं उघडणारं ते जड बोनेट बंद केलं की पुढे जाळीशी नीट टेकायचं. मागे मात्र, काचेखाली, ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा बोटभर वर राहायचा. दाबला की बसायचा, हात काढला की पुन्हा उचलायचा. कब्ज्यांच्या पिना झिजल्या होत्या आणि पिनांची भोकं लांबट झाली होती. ललितने फोनाफोनी करून पलसाण्याच्या पुढे एका भंगारवाल्याकडे जोडी शोधली. आणायला उखाभाऊच जाणार होते. त्या सकाळी त्यांचा गुडघा सुजला.

"तुम्ही बसा, मी जाऊन येतो," ललित म्हणाला.

येताना हायवेवर त्याच्या मोटरसायकलला टँकरने उडवलं.

बरेच दिवस गॅरेजचं शटर उघडलं नाही. मग उघडलं. घरी बसून दोघं एकमेकांकडे तरी किती बघणार? फार्गो ताडपत्रीखाली तशीच उभी होती. एक दिवस किरणभाई आले, स्टुलावर बसले, चहा घेतला. कामाचं काही विचारलं नाही. निघताना दारात थांबून एवढंच म्हणाले, "बापुजी आता फार बोलत नाहीत, उखाभाई. पण गाडी गाडी करतात."

त्या संध्याकाळी जेवताना उखाभाऊंनी विषय काढला.

"कपाटातलं ते देतेस का? गाडी अडकलीय."

मालतीबाईंनी भाकरी ताटात टाकली. घरात दोघं अहिराणीच बोलत, पण ललित गेल्यापासून तीही कमी झाली होती.

"नही देसू मी," त्या म्हणाल्या. "मना आंडोरना हातना शेतस त्या."

माझ्या लेकाच्या हातचे आहेत ते! उखाभाऊंनी पाणी पिऊन ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जुन्याच कब्ज्यांवर खटपट सुरू केली. खाली पत्र्याच्या पातळ पत्त्या घालून पाहिल्या. बोल्ट ढिले करून बोनेट केसभर पुढे घेतलं, आवळलं, बंद केलं. कोपरा वरच. मागे घेतलं तर कडा घासायला लागली. हे काम एकट्याचं नव्हतंच. दोन्ही बाजूंना दोन माणसं उभी राहून बोनेट तोलून धरतात, तेव्हा कुठे बोल्ट लागतो. शेजारच्या गॅरेजातलं कुणीही एका हाकेत आलं असतं. उखाभाऊंनी हाक मारली नाही. समोरच्या बाजूला दुसरं कुणी उभं राहिलेलं त्यांना बघवलं नसतं.

एक दिवस ही खटपट चालू असतानाच मालतीबाई डबा घेऊन आल्या. ललित गेल्यापासून त्यांनी गॅरेजची पायरी चढली नव्हती. त्या दिवशी उखाभाऊ डबा घरी विसरले होते. आत पाहतात तो नवरा इंजिनच्या कडेला वाकलेला, एका खांद्यावर बोनेट पेललेलं, आणि मोकळा हात बोल्टचं भोक चाचपतोय. गुडघा लटपटत होता. बोनेट निसटलं आणि कोपऱ्याने रंगावर लांब ओरखडा ओढला.

मालतीबाईंनी डबा बाकावर ठेवला आणि त्या निघून गेल्या.

तासाभराने त्या परत आल्या. वर्तमानपत्राची गुंडाळी पदराखाली होती. ती त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

उखाभाऊंनी कागद सोडला. कब्जे चांगले होते, जाड, जवळजवळ कोरे. त्यांनी एक उचलून गाडीवर त्याच्या जागी धरला. मग काढून दुसरा धरला. मग जुना कब्जा शेजारी ठेवून पाहिला. लांबी जुळत नव्हती. नव्याचा दांडा अर्ध्या इंचाने मोठा होता, भोकं भलतीकडेच येत होती.

ते खाली बसले. मनात आलं, बसतील म्हणावं आणि हिला घरी पाठवावं. पण हिने आताच कपाटातलं जपलेलं काढून दिलं होतं; हिच्याशी खोटं बोलवेना.

"हे या गाडीचे नाहीत," ते म्हणाले.

मालतीबाई वळल्या. "काय?"

"कंपनी तीच. साल वेगळं. दिसायला सारखेच दिसतात."

"म्हणजे लागणार नाहीत?"

"नाही."

त्या कब्ज्यांपाशी वाकल्या.

"याच्यासाठी गेला तो?"

उखाभाऊंनी जुना कब्जा बाजूला ठेवला.

"तुम्ही गेले असते तर बरोबर आणले असते?"

"नाही. मीही हेच आणले असते. गाडीवर धरल्याशिवाय कळत नाही."

"आणि तुम्ही गेले असते तर..." तो प्रश्न उखाभाऊ त्या दिवसापासून रोज उशाशी घेऊन निजत होते.

रस्त्यावरून कापडाच्या गाठी लादलेला टेम्पो गेला. मालतीबाईंनी बाकावर बसून डोळे मिटले, मग उघडले.

"यातलं काहीच लागणार नाही का?"

उखाभाऊंनी कब्जा पुन्हा हातात घेतला आणि हलवून पाहिला. पीन घट्ट होती, जुन्यापेक्षा जाडही होती.

"पिना लागतील," ते सावकाश म्हणाले. "जुन्याची भोकं मोठी करून यातल्या पिना घालता येतील. पण मग हे तोडावे लागतील."

"तोडा," मालतीबाई म्हणाल्या.

ग्राइंडर सुरू झाला तेव्हा त्यांनी कानांवर हात घेतले, पण तिथून हलल्या नाहीत. उखाभाऊंनी पिना काढल्या, जुन्या कब्ज्यांची लांबट भोकं गोल करून घेतली, पिना ठोकून बसवल्या आणि तोंडं हातोडीने फुलवली. कब्जा आता डुगडुगत नव्हता. मग ते बोनेटशी गेले आणि थांबले.

"कुठं धरू?" मालतीबाईंनी विचारलं.

ललित उभा राहायचा त्या जागी त्या उभ्या राहिल्या. पदर खोचला, दोन्ही हातांनी कडा धरली. "जरा वर... पुढं घे... हां, तशीच राहा." बोल्ट लागले. बोनेट हळूच खाली आणलं, फट पाहिली, पुन्हा उघडलं, एका बाजूला पत्ती घातली. ऊन कलेपर्यंत त्यांचं हेच चाललं. शेवटी बोनेट बंद झालं आणि मागचा कोपरा बसला तो बसलाच. उखाभाऊंनी फटीवरून बोट फिरवलं. इकडून तिकडे सारखी होती.

दोन दिवसांनी, ओरखड्यावरचा रंग वाळल्यावर, किरणभाई बापुजींना घेऊन आले. मालतीबाईही आल्या होत्या. म्हाताऱ्याला दोघांनी धरून गाडीपाशी आणलं. त्याने बोनेटवरून हात फिरवला, हसला, आणि इकडे तिकडे बघत विचारलं, "पेलो छोकरो क्यां?"

तो मुलगा कुठे आहे? ललितने कतारगामच्या शेडमधून गाडी ओढून आणली होती, तेव्हापासून म्हाताऱ्याला तो आठवत होता. पुढचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. किरणभाईंचा चेहरा पडला. उखाभाऊ गाडीचं दार उघडायला वळले.

"बाहेर गेलाय," मालतीबाई म्हणाल्या. "कामाला."

म्हाताऱ्याने समाधानाने मान डोलावली. त्याला गाडीत बसवलं, आणि फार्गो हळूहळू गल्लीच्या वळणापर्यंत जाऊन दिसेनाशी झाली.

शटर ओढून दोघं घरी जायला रिक्षात बसली. सिग्नलला रिक्षा थांबली आणि मालतीबाईंना हुंदका फुटला. अंत्यविधीच्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. तोंडात पदर कोंबूनही आवाज आवरेना.

"मी त्या म्हाताऱ्याला ललित जिता सांगितला," त्या म्हणत होत्या. "जिता सांगितला मी त्याला."

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. "शुं थयुं, काका? दवाखाने लई जाऊं?"

"नको," उखाभाऊ म्हणाले. त्यांनी बायकोचा हात हातात घेतला. आजवर चारचौघांत कधी घेतला नव्हता. "दवाखाना नको. आमचा मुलगा वारला."

हे वाक्य त्यांनी परक्या माणसापाशी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या, तरी रिक्षावाला क्षणभर तसाच थांबला आणि मग अगदी सावकाश निघाला.